तुळजाराम गोंधळ्याने देवी कशी खोडून काढली

माझ्या वडिलांनी, म्हणजे गळ्यात कवड्यांच्या माळा घालून घरोघर देवीचा गोंधळ घालणाऱ्या तुळजाराम गोंधळ्याने, सोलापूरच्या एका कॉलेजात, तत्त्वज्ञानाच्या वर्गात उभं राहून देवी नाही असं सिद्ध केलं आणि तिथल्या एकाही शिकलेल्या माणसाला ते खोडता आलं नाही. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी सांगायचा थांबणार नाही.

वडील आले तेव्हा वर्गात मकबूल गिरिजाची बाजू मांडत होता आणि गिरिजा नाही नाही म्हणत होती. या जन्मी जे वाट्याला येतं ते मागच्या जन्मीचं असतं, असं गिरिजाचं म्हणणं. मकबूलला ते खोडायचं होतं. पण मार्डीकर सरांच्या वर्गात कोणाचं म्हणणं खोडायचं, तर आधी ते त्याच्याहून चांगलं मांडावं लागे. तो 'मान्य' म्हणेपर्यंत मांडायचं, मग तोंड उघडायचं. जुन्या पंडितांची ही रीत, तिला ते पूर्वपक्ष म्हणत. ग्रंथात सगळेच वाचतात, सरांनी ती तीन विद्यार्थ्यांच्या वर्गात रोज पाळली. मकबूल बिचारा घामाघूम होऊन मांडायचा आणि गिरिजा म्हणायची, असं नव्हे, परत सांग. तास संपला तरी तिचं 'मान्य' काही यायचं नाही.

पुढे याच गिरिजाशी माझं लग्न झालं. आजही आमटीत मीठ कमी आहे म्हणायचं तर आधी मला कमी मीठ घालण्यामागची तिची भूमिका मांडावी लागते. हे मी एकेक पान लिहितो आणि तिला वाचून दाखवतो. ती समोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असते. वर्गात ती होती म्हणून तिला विचारावं लागतं, एवढाच तिचा अधिकार. आतापर्यंत तिची हरकत नाही.

मार्डीकर सर अंगाने काटकुळे. आवाज इतका मऊ की कावळे ऐकायला खिडकीत येऊन बसत. समोरच्याची बाजू मांडण्यात ते एवढे पुढे गेले होते, की बायको एकदा रागाने माहेरी जाते म्हणाली, तर सरांनी तिची बाजू तिच्यापेक्षा चांगली मांडली, स्वतःच तिची ट्रंक भरली आणि विजापूरच्या गाडीत तिला बसवून आले. तिथून परत यायला बाईंना कारण सापडेना, शेवटी सरांनीच पत्र लिहून ते पुरवलं. या गोष्टीवर गिरिजा म्हणाली, ट्रंक नव्हती, पिशवी होती. तर पिशवी.

आता मी त्या वर्गात कसा, ते सांगतो. आमचं गाव तुळजापूरच्या वाटेवरचं. घरात पिढ्यानपिढ्या गोंधळ. लग्नकार्य पार पडलं की लोक देवीचा गोंधळ घालतात, त्याला आम्हाला बोलावतात. चौक मांडतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुणं वाजतं आणि नाईक देवीची कथा सांगतो. नाईक म्हणजे मुख्य गोंधळी, आमच्याकडे वडील. त्याच्या शेजारी एक साथीदार असतो आणि त्याचं कामच शंका काढायचं. नाईक म्हणाला, देवी वाघावर बसून आली, की साथीदार म्हणतो, वाघ तिला खाईना कसा? लोक हसतात, नाईक उत्तर देतो, साथीदाराचं तोंड बंद होतं, कथा पुढे जाते. या शंका आजोबा-पणजोबांपासून ठरलेल्या. उत्तरंही ठरलेली. मी शाळेत असल्यापासून वडिलांचा साथीदार होतो आणि शंका काढण्यात माझा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. म्हणून तर मास्तर म्हणाले, पोराला कॉलेजात घाला, वकील होईल. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की शंका काढायचा एक वेगळाच विषय तिथे आहे. वकिली राहिली बाजूला.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घोटाळा झाला. शेजारच्या गावी एका माळ्याच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. वडील कथा सांगत होते, मी तुणतुणं घेऊन शेजारी. देवीने राक्षस मारला इथवर कथा आली आणि माझी ठरलेली शंका होती राक्षसाच्या मिशांबद्दल. मी ती सोडून विचारलं, की याला मारायचंच होतं, तर आधी त्याला वर देऊन मोठा कोणी केला? वडिलांनी काहीतरी उत्तर दिलं आणि लोक हसले. साथीदाराने इथे मान डोलवायची असते. मी म्हणालो, नाईक, हे उत्तर झालं नाही. वडिलांनी संबळ वाजवणाऱ्या चुलत्याला खूण केली आणि चुलत्याने संबळ असा बडवला की गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली. संबळ थांबल्यावर मी तेच परत विचारलं.

बस. यजमान उठला, आरती आटोपती घेतली, नवरीच्या आजीने बोटं मोडली. नव्या संसाराच्या पहिल्या गोंधळात गोंधळ्याच्याच पोराने देवी अडवली, ही बातमी आम्ही घरी पोहोचायच्या आत पोहोचली होती. पुढे जिथे जिथे बोलावणं ठरलं होतं तिथून निरोप यायला लागले. कोणी म्हणालं, नाईक या, पोरगं आणू नका. कोणी म्हणालं, यंदा नकोच.

वडील माझ्यावर ओरडले नाहीत. चालता चालता एवढंच म्हणाले,

"शंका काढायची असती, लेका. जिंकायची नसती."

मी त्यावर काहीतरी शहाणपणाचं बोललो. ते काय बोललो हे मला आठवत नाही असं मी लिहिलं होतं. गिरिजा म्हणते, तुम्हाला चांगलं आठवतंय. मग लिहितो. मी म्हणालो, तुम्हाला उत्तर येत नाही म्हणून तुम्ही संबळ वाजवता.

सुट्टी संपून मी सोलापूरला परतलो आणि थोड्याच दिवसांत एसटीच्या कंडक्टरकडून वडिलांचा निरोप आला. कॉलेज बंद. साथीदार म्हणून उभं राहायचं, चार घरी जाऊन देवीची क्षमा मागायची आणि पिढ्यांचं काम धरायचं. बिस्तरा बांधून ठेव, मी न्यायला येतो.

आणि ते आले.

त्या वर्षी सोलापुरात असं ऊन होतं की फळ्यावर लिहिलेली अक्षरं वाळून खाली गळत. भर दुपारची वेळ. आधी जिन्यावर कवड्यांचा आवाज आला. मग दारात ते उभे. पायघोळ झगा, डोक्याला पगडी, गळ्यात माळा, कपाळभर मळवट आणि हातात पेटलेली दिवटी. शिपायाने त्यांना अडवलं नाही, उलट चपला काढून पाया पडला. प्राचार्यांना वाटलं विद्यापीठाची तपासणी आली. ते मागून खुर्ची घेऊन धावत आले. शेजारच्या खोलीतला अर्थशास्त्राचा वर्ग मास्तरांसकट आमच्या खिडक्यांत येऊन लटकला. रस्त्याने चाललेली म्हैस थांबली आणि मान वर करून बघायला लागली.

इथे गिरिजाने हात वर केला. म्हैस काढा, म्हणाली. मी म्हणालो, म्हैस राहू दे, हवं तर प्राचार्य काढतो. तिने विचार केला आणि प्राचार्य काढण्यापेक्षा म्हैस असू द्या, असं ठरलं. दोघेही राहिले.

सर उठले आणि त्यांनी हात जोडले. या नाईक, म्हणाले, आमच्याकडे कथा सांगणारं माणूस पहिल्यांदाच आलं. वडील म्हणाले, कथा सांगायला न्हाई आलो, पोराला न्यायला आलोय. सर म्हणाले, जरूर न्या. तुमचा मुलगा आहे. मी स्वतः त्याचा बिस्तरा स्टँडपर्यंत उचलून आणतो. फक्त या खोलीचा एक रिवाज आहे, इथे आलात तर तेवढा पाळावा लागेल.

"कसला रिवाज?"

"तुमचा हा अंबादास काय म्हणतो ते आधी तुम्ही सांगायचं. त्याच्या बाजूनं. तो मान्य म्हणाला की मग तुमचं तुम्ही बोला आणि त्याला घेऊन जा."

वडील हसले. त्यात काय सांगायचं, म्हणाले, ह्यो म्हनतोय देवी न्हाई. सर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, मान्य नाही. मी असं म्हणत नाही. मकबूलला मनातून फार बरं वाटलं, कारण त्या खोलीत नाही ऐकून घेणारा आता तो एकटा राहिला नव्हता. वडिलांनी परत सांगितलं, की पोरगं म्हनतंय गोंधळी लोक फसवतात. मी म्हणालो, तेही नाही. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बाजारात बैल निवडताना बघतात, आणि हातातली दिवटी गिरिजाकडे दिली. धर पोरी, म्हणाले, हात मोकळं पायजेत.

गिरिजाचे शेंगा सोलणारे हात या वाक्याला थांबले. पण मी पुढे वाचलं.

वडील खुर्चीवर बसले नाहीत. चौक मांडलाय अशा थाटात खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि बोलायला लागले. गोंधळातला आवाज नव्हता तो. घरात जेवताना बोलतात तसा होता.

"मी बी माझ्या बापाचा साथीदार होतो," ते म्हणाले. "हा जन्मायच्या आधी. शंका मला बी पाठ हायत. आन ज्या शंकेला बापाकडं उत्तर नव्हतं तिथं तो संबळ वाजवायला लावायचा, ते बी मला ठावं हाय. ह्यो म्हनतो ते खोटं न्हाई."



मग ते म्हणाले की माझ्या पोराची शंका राक्षसाची नाही. राक्षस त्याने निमित्ताला घेतला. आमच्या गावाच्या अलीकडे एक घर आहे. त्या घरात मी गोंधळ घातला होता, लेकीच्या लग्नाचा. दणक्यात झाला. महिना उलटायच्या आत पोरगी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आली. ज्या घरी लग्न नीट लागतं ते घर आम्हाला बोलावतं आणि देवीने केलं म्हणतं. मग या घरचं कोणी केलं? तिथे आम्हाला कोणी बोलावत नाही आणि आम्हीही जात नाही. दुसऱ्या गावच्या गोंधळाला निघालो की वाट त्याच घरावरून जाते. तिथे आलं की मी दिवटी फडक्यात झाकून घेतो, त्या पोरीला दिसू नये म्हणून. माझं पोरगं लहानपणापासून माझ्यासंगं चालतंय. त्याने हे बघितलंय. आणि तो विचारतोय, आबा, देवी असती तर तुम्ही दिवटी झाकली असती का?

"हे म्हननं हाय त्याचं," वडील म्हणाले. "बरोबर का, रं?"

मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं की माझं म्हणणं हे आहे. मी पुस्तकांतले मुद्दे काढत होतो, त्याच्या बुडाशी ही झाकलेली दिवटी होती हे मला कुठे ठाऊक. मान हलवून मान्य म्हणालो.

सरांनी चष्मा पुसला. वर्गाकडे बघून म्हणाले, आता खोडा. मागच्या जन्मीचं सगळं जिला तोंडपाठ होतं ती गिरिजा खाली बघत होती. मकबूलने नुसती मान हलवली. अर्थशास्त्रवाले खिडकीतून हळूहळू उतरले. सर म्हणाले, मलाही सुचत नाही. नाईक, उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तुमची पाळी. द्या आणि मुलाला घेऊन जा.

मी मनातल्या मनात बिस्तरा बांधायला घेतला होता, कारण वडिलांनी मनावर घेतलं असतं तर काहीही उत्तर दिलं असतं. ते कथेतला गुंता कसा सोडवतात हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. एक आरोळी ठोकली असती, उदो म्हणाले असते, अख्खं कॉलेज उदो म्हणालं असतं आणि मी संध्याकाळच्या एसटीत बिस्तऱ्यावर बसलेला असतो. पुढे जन्मभर राक्षसाच्या मिशांची शंका काढत राहिलो असतो. आज ही गोष्ट सांगायला तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर उरला नसता.

वडिलांनी गिरिजाच्या हातून दिवटी परत घेतली.

"याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई," ते म्हणाले. "माझ्या बापापाशी बी नव्हतं. ते हुडकायला इथं ऱ्हावं लागत असंल तर ऱ्हाऊ द्या त्याला. घावलं तर घरी यिऊन सांगंल."

आणि कवड्या वाजवत जिना उतरून गेले. सर आणि वडील, या दोन माणसांचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी या एका पानात लिहू शकत नाही. एकाने मला दुसऱ्याचं म्हणणं आधी ऐकायला शिकवलं आणि दुसऱ्याने माझं म्हणणं मलाच ऐकवलं. मी जन्मभर मुलांना जे शिकवलं ते त्या दुपारचं उसनं होतं.

इथवर वाचून मी मान वर केली. गिरिजाने शेंगांची पाटी बाजूला सरकवली होती.

"अहो, मामंजी त्या कॉलेजची पायरी कधी चढले नाहीत," ती म्हणाली.

मी म्हणालो, म्हैस तर तू राहू दिलीस.

"म्हैस तुमची आहे, तिचं काय करायचं ते करा. हे मला चालणार नाही. मी होते तिथे. निरोप आला होता, शनिवारी बिस्तरा घेऊन घरी ये म्हणून. तुम्ही सरांना म्हणालात, आबांना काय समजावणार, त्यांच्याशी बोलून उपयोग नाही. सरांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली, तुम्हाला तिच्यावर बसवलं आणि आम्हाला म्हणाले, आता तुळजाराम नाईक बोलतील, ऐका. मग बोलायला लागलात. ते घर, ती पोरगी, फडक्यात झाकलेली दिवटी, सगळं तुम्ही सांगितलंत. पण देवी नाही हे दाखवायला नव्हे. मामंजी होऊन तुम्ही म्हणालात, मी त्या घरावरून दिवटी झाकून जातो आणि पुढच्या गावापर्यंत देवीआईशी भांडत जातो. ती नाही म्हणालो तर त्या पोरीसाठी मी कोणाशी भांडू? पण मान्य म्हणायचं ज्यांनी, ते तिथे नव्हते. म्हणून सर म्हणाले, अंबादास, हे घरी जाऊन बोल, आणि मान्य घेऊन ये."

मी कागद जुळवत होतो.

"शनिवारी तुम्ही बिस्तरा घेऊन गेलात आणि त्यांच्यासमोर बसून हेच बोललात. सासूबाईंनी मला सांगितलंय. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग तुमचा सोडलेला बिस्तरा ते परत बांधायला लागले. सासूबाई म्हणाल्या, आता कुठं पाठवताय त्याला, तर म्हणाले, माझं एवढं ज्याला कळलं त्याला कुठं बी जाऊ दे."